चार्जर कुठे थांबतो?

"बारा म्हंजे बाराच की, सर. त्यात अन् काय बघायचं? चांगला मोठा चार्जर घेऊन टाका, ट्रॅक्टरपासून मोटारसायकलीपर्यंत सगळ्याला चालतंय."

परभणीत बॅटरीच्या दुकानात, जिंतूर रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात किंवा गावच्या पारावर चार्जरचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. ते म्हणणारी माणसं अनाडी नसतात. बॅटरीचं बूच काढून नुसत्या वासावरून ती जास्त भरली गेल्याचं ओळखणारी, सेल्फ मारताना दिवा किती मंदावतो यावरून सेल मेला की काय ते सांगणारी ही माणसं आहेत. त्यांच्या म्हणण्याला उत्तर द्यायचं तर ते म्हणणं आधी त्यांनाही पटेल अशा शब्दांत मांडलं पाहिजे. पूर्वपक्ष दुबळा करून खोडला तर तो खोडला गेला असं होत नाही.

तर पूर्वपक्ष असा. पहिलं, गाडीच्या बॅटरीवर 12 व्होल्ट लिहिलेलं असतं आणि चार्जरवरही 12 व्होल्ट. दोन्ही जुळलं की जोडायला हरकत नाही. दुसरं, चार्जरवरचे अँपिअर ही त्याची ताकद. बॅटरी त्यातून तिला लागेल तेवढंच घेते. नळ मोठा असला म्हणून तांब्या फुटत नाही. तिसरं, शेतकऱ्याच्या घरी विजेचा भरवसा नाही आणि पेरणीच्या दिवसांत वेळही नाही. वीज आहे तेवढ्यात बॅटरी भरून घ्यायची तर मोठाच चार्जर हवा. चौथा मुद्दा अलीकडचा: आता स्मार्ट चार्जर आलेत, ते बॅटरी ओळखून आपोआप बंद होतात, मग निवडीचा घोळ कशाला?

चारही मुद्द्यांत सत्याचा अंश आहे, आणि तो कुठे संपतो हे दाखवणं हेच माझं काम आहे. माझा उत्तरपक्ष एका ओळीचा: चार्जर किती जोरात देतो यावरून त्याची निवड करू नये, तो कुठे थांबतो यावरून करावी. परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि संध्याकाळी एक व मध्यरात्री दुसराच विजेचा दाब असतो, तिथे तर हा थांबण्याचा बिंदू सगळ्यांत महत्त्वाचा.

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करू. 12 व्होल्ट हे बॅटरीचं आडनाव आहे, तिचा स्वभाव त्यावरून कळत नाही. शिसं आणि गंधकाम्लाच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण 2.1 व्होल्टचा. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवून मोजली तर 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली आणि 11.8 म्हणजे जवळपास रिकामी. याचा अर्थ तिच्या अंगावरच्या 'बारा'ला ती अर्ध्याहून अधिक उतरलेली असते. भरायची तर चार्जरला तिच्यापेक्षा वर चढावं लागतं: 25 अंश तापमानाला साधारण 14.4 व्होल्टपर्यंत. आणि भरून झाल्यावरही जोडून ठेवायची असेल तर 13.5 ते 13.8 वर उतरावं लागतं. म्हणजे ज्याला आपण '12 व्होल्टचा चार्जर' म्हणतो त्याच्या कामात 12 हा आकडा कुठेच येत नाही. खरे आकडे 14.4 आणि 13.6 हे आहेत, आणि डब्यावर बहुतेक वेळा तेच लिहिलेले नसतात.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण अभिमानाने म्हणतो. त्या जर्मनीने चार्जिंगच्या या पायऱ्या मानकात बांधल्या आहेत. डीआयएन 41773 या मानकात या पद्धतीला 'आययूओयू' म्हणतात. 'आय' म्हणजे प्रवाह, 'यू' म्हणजे दाब. आधी ठरलेला प्रवाह, मग दाब धरून ठेवायचा, मग खालच्या दाबावर उतरायचं. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शिशाची पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली, आणि तेव्हापासून आजपर्यंत तिच्या चार्जिंगची मूळ अडचण बदललेली नाही: भरताना थांबायचं कधी.

आता दुसरा मुद्दा, नळ आणि तांब्या. उपमा चांगली आहे, आणि तिच्यातूनच उत्तर निघतं. तांब्या भरला की पाणी सांडतं आणि आपल्याला दिसतं, मग आपण नळ बंद करतो. बॅटरी भरली की तिच्यातही सांडतं, पण ते वायूच्या रूपात. जादा वीज आतलं पाणी फोडते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते बुचातून निघून जातं. हवेत हायड्रोजन 4 टक्क्यांवर गेला की एक ठिणगीही पुरते. म्हणूनच आधी चिमटे बॅटरीला लावायचे आणि मग प्लग चालू करायचा, काढताना आधी प्लग बंद करायचा आणि मग चिमटे काढायचे. गॅरेजवाले हे हाताच्या सवयीने करतात. घरी कुणी शिकवलेलं नसतं.

'बॅटरी लागेल तेवढंच घेते' हे वाक्य अर्धं खरं आहे. दाब 14.4 वर धरून ठेवणारा चार्जर असेल तर तिथे पोचल्यावर बॅटरी स्वतः प्रवाह कमी करत नेते. त्या टप्प्यात तुमचं म्हणणं बरोबर. पण तिथे पोचेपर्यंतच्या टप्प्यात चार्जर जेवढा ढकलेल तेवढं आत जातं. बॅटरीच्या शास्त्रात जुना आणि उपयोगी नियम आहे: बॅटरीतून जितके अँपिअर-तास गेलेले असतील, तितक्या अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह तिला देऊ नये. 100 सीसीच्या मोटारसायकलची बॅटरी असते 4-5 अँपिअर-तासांची. ती निम्मी उतरली तर तिची उणीव अडीच अँपिअर-तासांची. तिला ट्रॅक्टरसाठी आणलेला 10 अँपिअरचा चार्जर लावला तर उणिवेच्या चौपट प्रवाह पहिल्याच क्षणी तिच्या इवल्याशा प्लेटांवर येतो. प्लेटा तापतात, त्यावरचा मसाला सुटतो, तळाला गाळ साचतो. दोन-तीनदा असं झालं की दुकानदार म्हणतो, "सेल बसला, नवी घ्या."

उलट करून बघा. ट्रॅक्टरच्या 88 अँपिअर-तासांच्या निम्म्या उतरलेल्या बॅटरीला 2 अँपिअरचा चार्जर लावला तर काय होईल? भरायला दिवसभराहून जास्त वेळ लागेल, इतकंच. बॅटरीचं काही बिघडणार नाही. मला या चर्चेत हा फरक सगळ्यांत मोलाचा वाटतो: लहान चार्जर मोठ्या बॅटरीला फक्त थांबायला लावतो, मोठा चार्जर लहान बॅटरीला मारतो. घरात एकच चार्जर घ्यायचा हट्ट असेल तर तो घरातल्या सगळ्यांत लहान बॅटरीला साजेसा घ्यायला हवा. पूर्वपक्षाचा सल्ला नेमका याच्या उलट आहे.

आणि मोटारसायकलची बॅटरी आता पूर्वीसारखी बिनमहत्त्वाची राहिलेली नाही. जुन्या राजदूतला किंवा येझदीला 6 व्होल्टची बॅटरी असायची. ती मेली तरी किक मारून किंवा ढकलून गाडी बहुधा चालू व्हायची. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि बहुतेक नव्या दुचाक्या इंधन इंजेक्शनवर गेल्या. त्यात पेट्रोलचा पंप आणि संगणक दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी साफ उतरली तर ढकलूनही गाडी सुरू होईलच असं नाही. शिवाय या बॅटऱ्या बहुतेक बंदिस्त असतात. आतलं पाणी एकदा उडालं की वरून टाकता येत नाही. जुन्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी टाकून चूक झाकता यायची, ती सोय आता गेली.

तिसरा मुद्दा विजेचा आणि वेळेचा, आणि तो मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा आहे, कारण त्यातली अडचण मी स्वतः भोगली आहे. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत गुणगुण करणारा, जड, लोखंडी पेटीतला चार्जर आहे: आत ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, पुढे काटा हलणारा अँपिअर मीटर. टिकाऊ म्हणून तो सगळ्यांना आवडतो. पण त्याला थांबणं माहीतच नाही. येणाऱ्या विजेचा दाब जसा, तसा त्याचा बाहेरचा दाब. एका उन्हाळ्यात ट्रॅक्टरची बॅटरी उतरली म्हणून मी संध्याकाळी सातला असा चार्जर लावला. गावभरातले कूलर चालू होते, घरात 195 व्होल्ट येत होते. काटा जेमतेम 2 अँपिअरला टेकलेला. वाटलं, रात्रभर राहू द्यावा. मध्यरात्रीनंतर कूलर बंद झाले, गावाचा भार उतरला. दोन वाजता उठून मीटर लावला तर भिंतीत 248 व्होल्ट आणि बॅटरीच्या टोकांवर 15.8. पत्र्याच्या शेडमध्ये ती खदखदत होती, बुचांवर बारीक फेस होता आणि शेडभर आंबट, घशाला लागणारा वास. सकाळी बघितलं तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं.

त्या रात्री मला कळलं की गरज असते तेव्हा हा चार्जर देत नाही आणि गरज संपल्यावर ओततो. मग 'वीज आहे तेवढ्यात भरून घ्यायला मोठा चार्जर' या तर्कावर काय म्हणायचं? उत्तर सोपं आहे: कमी-जास्त दाबातही बाहेरचा दाब ठरल्या जागी ठेवणारा इलेक्ट्रॉनिक चार्जर घ्या. त्याच्या पेटीवर 'इनपुट 170 ते 270 व्होल्ट' अशासारखं काही लिहिलेलं असतं, तेच वाचायचं. तो 8 अँपिअरचा असला तरी संध्याकाळच्या 195 व्होल्टवर पूर्ण 8 अँपिअर देतो आणि मध्यरात्री 14.4 च्या पुढे जात नाही. ट्रान्सफॉर्मरचा 20 अँपिअरचा चार्जर संध्याकाळी त्याहून कमी देऊ शकतो. वीज बेभरवशाची आहे म्हणून मोठा नको, आवरणारा हवा.

आता तापमान. जे कोणत्याही पारावर बोललं जात नाही ते परभणीसाठी सगळ्यांत महत्त्वाचं आहे. 14.4 हा आकडा 25 अंशांचा आहे. शिशाची बॅटरी जसजशी तापते तसतसा तिचा थांबण्याचा बिंदू खाली येतो, प्रत्येक सेलला दर अंशाला साधारण 4 मिलिव्होल्ट. सहा सेल, आणि मे महिन्यात शेडमध्ये 45 अंश, म्हणजे 25 च्या वर 20 अंश. गुणाकार केला तर 480 मिलिव्होल्ट, जवळपास अर्धा व्होल्ट. म्हणजे मे मधला योग्य बिंदू 13.9 च्या आसपास. उलट डिसेंबर-जानेवारीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा त्याच बॅटरीला 14.8 लागतात. एकच बॅटरी, एकच शेड, आणि हिवाळ्याची पहाट ते उन्हाळ्याची दुपार यांत जवळपास एक व्होल्टाचा फरक. समशीतोष्ण देशातल्या हवेला बेतलेला चार्जर आपल्या मे महिन्यात रोज अर्धा व्होल्ट जास्त देत राहतो. शिवाय दर 10 अंशांच्या वाढीला शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा. जादा दाब आणि जादा उष्णता एकत्र आली की जून उजाडेपर्यंत बॅटरी संपते, आणि दोष कंपनीवर जातो.

यावर दोन उपाय आहेत. तापमान बघून दाब बदलणारा चार्जर मिळतो. त्याच्या पेटीवर 'तापमान भरपाई' या अर्थाची नोंद असते. तो परवडत नसेल तर मार्च ते जून चार्जिंग पहाटे करा, पत्र्याखाली न करता झाडाच्या सावलीत किंवा ओट्यावर करा, आणि चार्जर आपोआप बंद होणारा नसेल तर भरल्यावर हाताने काढा. एवढ्याने बराच फरक पडतो.

चौथा मुद्दा स्मार्ट चार्जरचा. त्याचं कौतुक मी करतो, कारण तो थांबतो. पण त्याला सगळं कळतं हे खरं नाही. तो बॅटरीचा दाब मोजून 6, 12 किंवा 24 व्होल्ट ओळखतो. खूप उतरलेली 12 व्होल्टची बॅटरी 7-8 व्होल्टवर आली तर काही चार्जर तिला 6 ची समजतात. बॅटरी आतून कशाची आहे हे तर त्याला कळूच शकत नाही: पाणी टाकायची, बंदिस्त एजीएम, जेल, की लिथियम फॉस्फेट, हे बटणाने आपणच सांगायचं असतं. पाण्याच्या बॅटरीचे सेल सारखे करायला 15 व्होल्टच्या वरची पायरी असते. तीच एजीएमला दिली तर ती कायमची वाळू शकते. 'रिपेअर' असं लिहिलेली झटक्यांची पायरी लिथियमला कधीच देऊ नये. चार्जर स्मार्ट असतो तो बटण दाबणाऱ्याच्या माहितीइतकाच.

इथपर्यंत चूक झाली तर बॅटरी जाते. विद्युत दुचाकीत चूक झाली तर माणूस जाऊ शकतो, म्हणून आता जरा थांबून लिहितो.

लिथियम-आयन बॅटरीवर काम केल्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही बॅटरी शिशाच्या बॅटरीसारखी चूक पोटात घालत नाही. जादा भरली तर तिला उडवून द्यायला पाणी नसतं. आतले थर बिघडतात, उष्णता वाढते आणि तीच उष्णता आणखी उष्णता पेटवते. आणि इथे 'बारा म्हणजे बारा' या विचाराचा मोठा भाऊ येतो: '48 म्हणजे 48.'

48 व्होल्ट लिहिलेल्या चार बॅटऱ्या घ्या. ई-रिक्षात शिशाच्या 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडलेल्या असतात, त्यांचा थांबण्याचा बिंदू 57.6 च्या पुढेमागे. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या 13 सेलच्या लिथियम पॅकचा बिंदू 54.6. लिथियम फॉस्फेटच्या 15 सेलच्या पॅकचा 54.75, आणि 16 सेलच्या पॅकचा 58.4. चौघांवर बाजारात 48 च लिहिलेलं असतं, आणि कित्येकदा प्लगही सारखाच असतो. 58.4 वर थांबणारा चार्जर 13 सेलच्या पॅकला लावला तर प्रत्येक सेलवर 4.49 व्होल्ट येतात, आणि त्याची मर्यादा 4.2 आहे. उलट 54.6 चा चार्जर ई-रिक्षाच्या शिशाच्या बॅटऱ्यांना लावला तर प्रत्येकीला 13.65 च मिळतात. त्या कधीच पूर्ण भरत नाहीत, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि रिक्षावाल्याचं दिवसाचं अंतर महिन्यामहिन्याला घटत जातं. पिन बसली म्हणजे चार्जर बसला असं नाही.

यावर एक आक्षेप येतो: "आत बीएमएस असतं की, तेच बंद करतंय." असतं. बीएमएस म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट, आणि मर्यादा ओलांडली की ते तोडतं. पण ते घराच्या फ्यूजसारखं आहे. फ्यूज आहे म्हणून कुणी रोज तारा एकमेकींना चिकटवून बघत नाही. रोज रात्री शेवटच्या पहारेकऱ्यालाच लढायला लावलं तर एक दिवस तो झोपणार. काम चार्जरने करायचं असतं, बीएमएसने फक्त चूक पकडायची असते.

मार्च 2022 मध्ये पुण्यात धानोरीला रस्त्याकडेला उभी असलेली विद्युत स्कूटर पेटली. त्याच दिवसांत तमिळनाडूत वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या दुचाकीच्या आगीत वडील आणि मुलगी गुदमरून गेले. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा त्यात भाजून गेला. प्रत्येक घटनेचं कारण वेगळं असू शकतं, आणि सगळ्यांचा दोष चार्जरवर टाकणं अन्यायाचं होईल. पण घरात, झोपलेल्या माणसांच्या शेजारी, रात्रभर ही बॅटरी भरू नये एवढा धडा कारण कुठलंही असलं तरी कायम राहतो. या घटनांनंतर केंद्र सरकारने एआयएस-156 हे सुरक्षा मानक कडक केलं. ते 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झालं, आणि त्यात बॅटरीबरोबर चार्जरच्याही अटी आल्या. गाडीबरोबर आलेला चार्जर त्या तपासणीतून गेलेला असतो. बाजारातला अर्ध्या किमतीचा, नुसता '48 व्होल्ट' छापलेला चार्जर गेलेला असेलच असं नाही.

इथेही परभणीचा उन्हाळा आडवा येतो. बहुतेक लिथियम पॅकना चार्जिंगची वरची मर्यादा 45 अंशांच्या आसपास असते. दुपारी मानवतहून तापलेल्या रस्त्याने आलेल्या स्कूटरची बॅटरी आल्या आल्या चार्जिंगला लावणं म्हणजे मर्यादेवर उभ्या असलेल्या वस्तूला आणखी वर ढकलणं. तासभर सावलीत थंड होऊ द्यावी, मग लावावी, आणि ओट्यावर, व्हरांड्यात, डोळ्यांसमोर लावावी.

चारचाकी विद्युत गाडीत मात्र पूर्वपक्षाचं एक वाक्य शंभर टक्के खरं ठरतं. भिंतीवर लावलेल्या ज्या पेटीला आपण चार्जर म्हणतो ती चार्जर नसतेच. खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. पेटी फक्त 'मी एवढे अँपिअर देऊ शकते' असा इशारा देते, आणि गाडी हवं तेवढंच घेते. म्हणूनच गाडीतला चार्जर 3.3 किलोवॅटचा असेल तर भिंतीवर 7.2 किलोवॅटची पेटी लावून एक मिनिटही वाचत नाही. इथे निवड पेटीपेक्षा वायरिंगची आहे. 3.3 किलोवॅट म्हणजे सलग 14 अँपिअर, आठ-दहा तास. गीझर त्याच प्लगवर अर्धा तास चालतो. गाडी रात्रभर चालते. जुन्या घरातला ढिला प्लग, बारीक तार आणि बाकी घराबरोबर वाटून घेतलेली लाइन या भाराला वितळते. त्यासाठी मीटरपासून वेगळी, 4 चौरस मिलिमीटर तांब्याची लाइन, तिला स्वतःचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हवा. 7.2 किलोवॅटची पेटी घ्यायची तर महावितरणकडून मंजूर भार आधी वाढवून घ्यावा लागतो.

आणि अर्थिंग. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांबरोबर अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, पट्टी आणि माती यांचा संबंध सुटतो. विद्युत गाडी चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासते, आणि ते नीट नसेल तर नकार देते. हिवाळ्यात व्यवस्थित भरणारी गाडी एप्रिलमध्ये भरत नाही म्हणून लोक चार्जर बदलायला निघतात. आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघावं. तरी जमलं नाही तर वायरमनला बोलवावं, पण अर्थिंगशिवाय भरायचा जुगाड करू नये.

हेही लक्षात असू द्या की विद्युत मोटारीतही एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते. गाडीचे दरवाजे आणि संगणक तिच्यावर जागे होतात. गाडी महिनाभर उभी राहिली आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. तिला उठवणारा चार्जर तोच साधा, 12 व्होल्टचा, आवरणारा.

खंडन झालं, आता मंडन. नुसतं 'हे नको' म्हणून कुणाचं घर चालत नाही.

समजा घरी एक ट्रॅक्टर, एक मोटारसायकल, एक पेट्रोलची लहान कार आणि एक विद्युत स्कूटर आहे. चार चार्जरची गरज नाही, तीन पुरतात. पहिला, 12 व्होल्टचा, 1 अँपिअरच्या आसपासचा, 14.4 च्या आसपास थांबून 13.6 वर उतरणारा आणि एजीएमची वेगळी पायरी असलेला. हा मोटारसायकलला आणि कारला, आणि नुसत्या उभ्या असलेल्या ट्रॅक्टरलाही. नांगरणी ते पेरणी या काळात ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा राहतो. आपल्या उन्हाळ्यात बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं. महिन्यातून एक रात्र हा छोटा चार्जर लावला तर पेरणीच्या सकाळी ढकलाढकल होत नाही.

दुसरा, 8 अँपिअरचा, ट्रॅक्टरसाठी, विजेचा दाब कमी-जास्त झाला तरी चालणारा. बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके अँपिअर, हे मोजमाप पाण्याच्या बॅटरीला पिढ्यान्‌पिढ्या लागू पडलेलं आहे. 88 ला 8 बरोबर बसतात. तिसरा, स्कूटरचा, तिच्याबरोबर आलेला, आणि दुसऱ्या कुठल्याही बॅटरीला न लावायचा. तो बिघडला तर त्याच कंपनीचा आणा; निदान थांबण्याचा आकडा दशांशापर्यंत जुळवा.

आणि एक चौथा, जो आधीच घरात आहे: कापसावर फवारणी करायच्या पंपाचा. पंपाची बॅटरी 12 व्होल्टची, 8 किंवा 12 अँपिअर-तासांची, आणि तिचा चार्जर बहुधा 1.7 अँपिअरचा. कित्येक घरांत मोटारसायकलची बॅटरी उतरली की हाच लावतात. 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीला तो दहाव्या हिश्शाच्या तिप्पट पडतो, म्हणून रोजचा नको. पण अडीअडचणीला, समोर बसून, तासाभरासाठी तो 10 अँपिअरच्या पेटीपेक्षा कितीतरी बरा. आपल्या लोकांनी हे हाताने शोधून काढलं आहे, आणि ते शोधणं बरोबर दिशेचं आहे.

खर्चाचा आक्षेप येईल: तीन चार्जर कशाला? हिशोब असा करा. एका चुकीच्या चार्जरने दोन वर्षांत मोटारसायकलच्या दोन बॅटऱ्या आणि ट्रॅक्टरची एक गेली, तर त्या पैशात तिन्ही चार्जर येऊन वर काही उरतं. आणि वसईच्या त्या घराचा हिशोब कुठल्याच पैशात होत नाही.

माझ्या घरी आता प्रत्येक चार्जरवर पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर गाडीचं नाव आणि त्याखाली एक आकडा: ट्रॅक्टर, 14.4, मोटारसायकल, 14.4, स्कूटर, 54.6. हा आकडा मी डब्यावरून उतरवलेला नाही. प्रत्येक चार्जर भरलेल्या बॅटरीला लावून, 300-400 रुपयांच्या मल्टीमीटरने टोकांवर मोजून लिहिलेला आहे. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा मोजतो. गेल्या मार्चमध्ये ट्रॅक्टरचा चार्जर 14.4 ऐवजी 15.1 दाखवू लागला होता. डब्यावर अजूनही 12 व्होल्टच छापलेलं होतं, आणि अँपिअरचा काटा नेहमीसारखाच हलत होता.